बाबांना पुढे चालू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आई-बाबा नागपूरहून येऊन जेमतेम आठवडा झाला आहे, येत्या शनिवारी सर्वांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जायचे आहे, बाबांचा गुडघा कुरकुरतो आहे, तुझ्या भावाला मात्र व्हर्नल धबधबा ओलांडून थेट त्याच्या वरच्या नेवाडा धबधब्याचा माथा गाठायचा आहे. तेव्हा 'तरण्यांनी पुढे जावे आणि मी आई-बाबांना घेऊन मागून यावे' अशी वाटणी करावी का, असे तू विचारतेस. करू नकोस. ज्याची चाल सर्वांत सावकाश, त्याने सर्वांच्या पुढे चालावे आणि बाकीच्यांनी निमूटपणे त्याच्या मागे राहावे.

पाय मोकळे असलेली मंडळी पुढे निघून जातात, वळणावरच्या दगडावर टेकतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा माणूस धापा टाकत त्यांच्यापाशी पोहोचतो तेव्हा त्यांचा विसावा संपलेला असतो आणि ते 'चला' म्हणून उठतात. ज्याला थांबण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच थांबायला मिळत नाही. त्यातून आपल्याकडचे वडील 'दमलो' असे तोंडाने म्हणायचे नाहीत. ते बुटाची न सुटलेली नाडी बांधायला वाकतात, सूचनाफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच' म्हणतात. हे सगळे पुढे गेलेल्यांना दिसणार कसे? म्हणून बाबा पुढे, तू त्यांच्या मागे.

जिथून चढाई सुरू होते त्या हॅपी आइल्सपासून व्हर्नलखालच्या पादचारी पुलापर्यंतची वाट पक्की आहे म्हणून ती सोपी आहे अशी समजूत करून घेऊ नकोस; जेमतेम १.३ किलोमीटरमध्ये ती सुमारे १२० मीटर चढते. पुलावरून व्हर्नल दिसतो, शिवाय जवळच पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह आहे. त्यानंतर ग्रॅनाइटच्या ६०० हून अधिक पायऱ्या चढून ९७ मीटर उंचीच्या त्या धबधब्याच्या माथ्यावर जाता येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरचे बर्फ वितळून मर्सेड नदी फुगलेली असते, तुषारांनी माणूस नखशिखान्त भिजतो, पायऱ्या लहानमोठ्या उंचीच्या आणि निसरड्या असतात, आणि पाण्याच्या गर्जनेत हाक ऐकू येत नाही. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. तेव्हा माथ्यावर पोहोचलातच तर त्याच पायऱ्यांनी न परतता क्लार्क पॉइंटवरून जॉन म्यूर ट्रेलने उतरा. ती वाट लांबची आहे आणि आधी थोडे चढावेही लागते, पण उतार सौम्य आहे. माथ्यावरचे पाणी कितीही संथ दिसले तरी त्यात पायसुद्धा बुडवायचा नाही. जुलै २०११ मध्ये कठड्यापलीकडे गेलेले तिघे जण तिथूनच वाहून खाली गेले.

नातेवाइकांत माझी ख्याती 'पुलावरून परत आणणारा' अशी आहे. माझे वडील इथे आले तेव्हा मी त्यांना पुढे ठेवले होते. पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी बराच वेळ धबधबा पाहिला, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, 'बास' म्हणाले, आणि आम्ही सगळे माघारी वळलो. मेहुणे त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. वडील आता नाहीत आणि व्हर्नलचा माथा त्यांचा पाहायचा राहून गेला, याची हळहळ मला आहे. पण कुठवर जायचे हे त्या दिवशी त्यांनी ठरवले, त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी ठरवले नाही. आणि एवढे साधे मेहुण्यांना आजही उमगत नसेल, तर त्याला माझा इलाज नाही. मी हट्टी आहे, हे मला पुन्हा कळवण्याची कोणी तसदी घेऊ नये.

एक मात्र सांभाळ. 'आपण फक्त पुलापर्यंतच जाऊ' असे बाबांना आधीच सांगून टाकू नकोस. ते पुढे आहेत, तेव्हा कुठे वळायचे तेही त्यांच्याकडेच राहू दे. कदाचित ते तुम्हा सर्वांना माथ्यावर नेतील.

पहाटेच निघा, कारण खोऱ्यातले वाहनतळ लवकर भरतात आणि हॅपी आइल्सला उद्यानाच्या शटल बसने किंवा पायीच जावे लागते. आईच्या पायात सँडल नकोत. भावाला नेवाडा पाहायचाच असेल, तर त्याने रविवारी सकाळी खुशाल स्वतंत्र जावे. जाऊन-येऊन सुमारे नऊ किलोमीटर चाल आणि सहाशे मीटर चढ आहे, त्याच्या पायांना ते जड नाही. शनिवारी मात्र तो सर्वांत शेवटी चालेल, आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्याच पाठीवर असतील.