ओल्या-चिकटाला हात न लावणारं मूल

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांची आहे. वरणभात, कणीक, ओली माती कशालाच हात लावत नाही, बोटाला काही लागलं की रडते. काय करावं?

उत्तर : तिचा हात धरून कशातही बुडवू नका, त्याने भीती पक्की होते. सुरुवात कोरड्यापासून करा. परातीत दोन वाट्या रवा, एक चमचा, एक छोटी वाटी. आधी चमच्यानेच खेळू दे. शेजारी ओला रुमाल हवाच. हवं तेव्हा पुसता येतं हे कळलं की मूल धीर करतं. तुम्ही शेजारी बसून ‘खरखरीत’, ‘मऊ’, ‘गार’ म्हणत राहा, शब्द असेच रुजतात.

ती रव्यात बोटं घालू लागली की कणकेकडे वळा : एक वाटी कणीक, चमचाभर तेल आणि थोडं थोडं करून साधारण अर्धी वाटी पाणी. पाणी एकदम ओतलं तर गोळा चिकटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खेळण्याच्या कणकेत बरेचजण भरपूर मीठ घालतात, ते टाळा. या वयात गोळा तोंडात जातोच. कच्ची कणीकही खाऊ देऊ नका. चिमटे काढणं, लाटणं यातून बोटांना जी ताकद येते, ती पुढे बटण लावताना, पेन्सिल धरताना लागते.

राजमा, चणे, मणी तीन वर्षांपर्यंत नकोत. ते नाकात, घशात अडकतात. मूल खेळत असताना उठून जाऊ नका.

अंघोळ, कपडे, बहुतेक पदार्थ यांनाही तिचा असाच विरोध असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.