जुने पत्रे, चौकटी, विटा: काय ठेवायचं आणि काय घराबाहेर काढायचं?

प्रश्न: ताई, आमचं जुनं घर पाडून नवीन बांधतोय. मागच्या पडवीवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत, तीसेक वर्षं जुने. २-३ फुटलेत, बाकीचे धड आहेत. ते ग्राइंडरने कापून भाजीच्या वाफ्यांना कडेने लावायचे असं यांच्या डोक्यात आहे. जुन्या रंगवलेल्या चौकटी आणि विटांचा ढीगही आहे. ठेकेदार म्हणतो सगळं एकत्र भरून नेतो. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ग्राइंडर आत ठेवून द्यायला सांगा, बाकीचं मग बोलू. एवढ्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस, म्हणजे धाग्याधाग्यांचं एक खनिज, असतं, आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून लॅबमधून तपासून घेईपर्यंत ते आहेच असं धरून चालायचं. फुटलेल्या पत्र्याची कड लांबूनच बघा, कधीकधी पांढुरके करडे धागे केसासारखे बाहेर आलेले दिसतात. त्या धाग्यांचे आणखी बारीक, डोळ्यांना न दिसणारे तंतू कापताना हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यातून होणारा कॅन्सर २०, ३०, कधी ४० वर्षांनी समोर येतो, म्हणून तर "आम्ही इतकी वर्षं कापतोय, काही झालं नाही" हे मला पटत नाही. ॲसबेस्टॉसचं काम करणाऱ्या माणसांचे कपडे घरी धुऊन धुऊन त्यांच्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत, हे वाचल्यापासून मी या बाबतीत फार कडक झालेय.

धड पत्रा जागेवर असतो तोवर सहसा त्रास देत नाही, धोका तो फोडण्या-कापण्यात, घासण्यात आहे. तुमचं घर पडणारच आहे तर पाडायच्या आधी पत्रे वेगळे उतरवून घ्या. त्या कामाची माहिती आणि साधनं असलेली माणसं मिळाली तर त्यांनाच द्या, आणि पोरंबाळं त्या दिवशी तिथे नकोतच. पत्रे पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओले ठेवायचे, जोराचा पाइप मारायचा नाही. बोल्ट काढून अख्खा पत्रा हाताने खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. साधा रुमाल तोंडाला बांधून काही होत नाही, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लागतो. जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, टेप लावून, वर लिहून ठेवायचं, आणि घातक कचरा घेणारी तुमच्या भागातली अधिकृत सोय कुठे आहे ते स्थानिक प्रशासनाला विचारून तिथेच द्यायचं. पडलेला चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकंही त्याच पिशवीत टाका. वाफ्यांना तर नकोच नको, तिथे रोज फावडं लागणार, कडा झिजणार.

ठेकेदाराचं "सगळं एकत्र" म्हणूनच ऐकू नका, एक फुटका पत्रा मिसळला की अख्खा राडारोडा वाया जातो.

चौकटींचं लाकूड चांगलं असेल तर नक्की ठेवा, पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. कोरड्या पॉलिश पेपरने घासायचं नाही, ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं. रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड चुलीत किंवा शेकोटीत अजिबात घालू नका, विष धुरात आणि राखेत उतरतं, ती राख झाडांनाही नको.

विटांची मात्र मजा आहे! चुन्यात बांधलेल्या असतील तर हातोडीच्या हलक्या टोल्याने चुना सुटतो आणि वीट अख्खी हातात येते. सिमेंटच्या मालातली वीट बऱ्याचदा आधी फुटते, तिच्यामागे लागू नका. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द आवाज आला तर भरावात. जुन्या विटा भार पेलणाऱ्या भिंतीला न वापरता कुंपण, पायवाट, ओटा यांना घ्या. तुमच्या त्या वाफ्यांना पण याच विटा लावा की, यांना सांगा.

प्रश्न: जुनी ट्यूबलाइट काढताना फुटली. झाडून टाकली तर चालेल?

उत्तर: झाडू नका, आत थोडा पारा असतो. खिडक्या उघडून सगळे १०-१५ मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम क्लीनर लावला तर पारा खोलीभर पसरतो. बरणी ई-कचऱ्याच्या केंद्रावर घेतात का ते विचारून द्या, घरातल्या न फुटलेल्या ट्यूबपण सोबत न्या.