डॉक्टर व्हायचंय म्हणून मुलीला लांबच्या बोर्डिंगला पाठवावं का?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. लेक बार्शीत सातवीला आहे, सेमी इंग्रजीत. अभ्यासात पुढे, कबड्डीची आवड, हातात पडेल ते वाचते आणि चौथीपासून 'मी डॉक्टर होणार' म्हणते. पुण्याच्या नणंदबाईंनी डेहराडून आणि ग्वाल्हेरच्या मुलींच्या निवासी शाळांची माहितीपत्रकं पाठवली आहेत. यजमान फीसाठी रस्त्यालगतचा प्लॉट विकायला तयार आहेत, तर सासूबाईंनी 'पोर घराबाहेर ठेवायची नाही' म्हणून अबोला धरलाय. डॉक्टर व्हायला या शाळेचा उपयोग होईल का, एवढा खर्च करावा का आणि मुलगी आपल्याला दुरावेल का, हे तुमचे प्रश्न.

डॉक्टरकीचं आधी सांगते, कारण तिथे एक गोष्ट तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्याच संस्थेतून पास झालेल्या लागतात. केंद्र सरकारी नोकर, सैन्यातले अशा काही पालकांच्या मुलांना यात सवलत आहे. तुमचं कापडाचं दुकान, तेव्हा ती तुम्हाला लागू होत नाही. 'दहावीपर्यंत ग्वाल्हेर, मग अकरावीला लातूर' असा बेत तुम्ही लिहिलाय. त्यानेही भागणार नाही, कारण दहावी बाहेरची झालेली असेल. मग उरतो 15 टक्के अखिल भारतीय कोटा, नाहीतर अभिमत विद्यापीठं, आणि त्यांतल्या अनेकांची फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे आहे. इंजिनिअरिंगला हा नियम बराच सैल आहे, आईवडिलांच्या अधिवासावरही तिथे वाट निघते. मेडिकलला मात्र हा अडसर मोठा आहे. राज्यातले मेडिकलचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची यंदाची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं कलम यजमानांनी स्वतः वाचावं, माझ्या शब्दावर जाऊ नये.

म्हणजे डॉक्टर व्हायचं हे कारण असेल, तर डेहराडून-ग्वाल्हेरला पाठवू नका. माझं मत एवढं स्पष्ट आहे. प्लॉटही विकू नका. नावाजलेल्या निवासी शाळांचा खर्च वर्षाला काही लाखांत जातो. आठवी ते बारावी अशी पाच वर्षं तो धरा आणि तिच्या खऱ्या शिक्षणाचा खर्च त्यानंतर सुरू होणार आहे, हेही धरा.

या शाळांना मी नावं ठेवत नाहीये. जयपूरची महाराणी गायत्रीदेवींची शाळा 1943 सालची. पडद्यात वाढणाऱ्या सरदार-जहागीरदारांच्या मुलींना बाहेर काढायचं, हा त्यामागचा हेतू होता. ग्वाल्हेरचं सिंधिया कन्या विद्यालय राजमाता विजयाराजे शिंदे यांनी 1956 मध्ये सुरू केलं, डेहराडूनची वेल्हम 1957 ची. मुलीला घोड्यावर बसता यावं, चारचौघांत बोलता यावं, ही त्यांची दिशा. नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेसाठी त्या निघालेल्या नाहीत. सरकारी अनुदान नाही, कारभार स्वतंत्र, त्यामुळे खेळ, संगीत, वादविवाद यांना वेळ देणं त्यांना परवडतं. पण बारावीच्या वर्षी रोज चार-पाच तास क्लासला जाऊ द्या म्हणाल, तर तिथल्या वेळापत्रकात ते बसवणं अवघड जातं.

मग मुलींच्या निवासी शाळेत मिळतं काय? संध्याकाळी चारनंतर जाऊन बघा, म्हणजे कळेल. स्नेहसंमेलनाची तयारी चालू असते. शिडीवर चढून दिवे बांधणारी मुलगी, माइकच्या वायरी जोडणारी मुलगी, कपडेपटाचा हिशेब ठेवणारीही मुलगीच. मिश्र शाळेत ही कामं न सांगता मुलांकडे जातात आणि मुली रांगोळीला बसतात. प्रयोगशाळेतही तेच. मुलं-मुली एका गटात असली की सर्किट जोडतो मुलगा आणि वहीत आकडे टिपते मुलगी, हे मी कितीतरी शाळांत पाहिलंय. जिथे मुलगेच नाहीत, तिथे पेचकस तिच्याच हातात येतो. तेरा-चौदाव्या वर्षी याचं मोल फार आहे. गुणांचं मात्र तसं नाही. या शाळांचे निकाल चांगले दिसतात त्यात निवडून घेतलेल्या मुली आणि घरची सुबत्ता यांचा वाटा मोठा असतो.

दिवस मात्र घट्ट बांधलेला असतो. पहाटे घंटा, मैदान, नाश्ता, तास, पुन्हा खेळ, मग रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर 'प्रेप', म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचा अभ्यास, आणि ठरल्या वेळेला दिवे बंद. खाटेशेजारी एक कपाट, तेवढीच आपली जागा. कपड्यांवर नाव किंवा नंबर शिवलेला. मोबाइल बहुतेक ठिकाणी नाही, घरी फोन ठरल्या वारी, ठरल्या वेळी. पहिले काही आठवडे त्या फोनवर मुली रडतात. तेव्हा 'उद्या घ्यायला येतो' असं म्हणून टाकू नका, आणि 'रडू नकोस' म्हणून फोन ठेवूही नका. तिला बोलू द्या. महिना-दीड महिन्यात बहुतेक मुली रुळतात. नाहीच रुळली, खाणं-झोप उडाली, तर मात्र फी बुडाली तरी चालेल, परत आणा.

शाळा बघायला गेलात की मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये फार वेळ घालवू नका. मेसमध्ये पालकांसाठी मुद्दाम केलेलं नव्हे, मुलींचं रोजचं जेवण जेवा. न्हाणीघरं बघा, पाणी गरम येतं का बघा. पाळी आल्यावर रात्री दोनला पॅड कुणाकडे मागायचं, हा प्रश्न मेट्रनला नको, आठवीतल्या एखाद्या मुलीलाच विचारा. तिने पटकन नाव सांगितलं तर तिथली व्यवस्था नीट आहे असं समजा. रात्री वसतिगृहाच्या आवारात पुरुष कर्मचारी कोण असतात, आजारी मुलीला कुठे ठेवतात, मोठ्या मुलींनी छळलं तर तक्रार कुणाकडे करायची, हे स्पष्ट विचारायला भीड बाळगू नका. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर लेकीकडून पाठ करून घ्या, कुठल्याही शाळेत घाला.

सासूबाईंशी बोलताना त्यांना सांगा की लेकी-सुनांनी घराबाहेर राहून शिकणं हे आपल्याकडे कालपरवाचं नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आलं. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा, तो नंतर हिंगण्याला गेला. तिथल्या विधवा बायका-मुलींची गरज वेगळी होती, पण त्या राहून शिकल्या. मात्र हे सांगून सासूबाईंना गप्प करू नका. नातीशिवाय त्यांचा दिवस कसा जाणार, ही त्यांची खरी काळजी असावी. दर आठवड्याच्या फोनमधली काही मिनिटं आजीची, हे आत्ताच ठरवून टाका.

दुरावेल का? सुट्टीत घरी आलेली मुलगी थोडी पाहुण्यासारखी वागते, ताट उचलून ठेवते, मग दोन दिवसांनी पुन्हा तुमचीच होते. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. राज्याबाहेरच्या शाळेत मराठीचा तास असेलच असं नाही आणि खोलीत मुली हिंदी-इंग्रजीत बोलतात. वाचणाऱ्या मुलीचं मराठी वाचन तेराव्या वर्षी तुटलं की पुन्हा जोडायला फार कष्ट पडतात. कुठेही गेली तरी पेटीत पुस्तकं द्या, दिवाळी अंक पाठवा.

तेव्हा माझं सांगणं असं, की पाठवायचंच असेल तर महाराष्ट्रात पाठवा. पाचगणीच्या जुन्या शाळा आहेत. कबड्डी खेळणारी, अंगात चपळाई असलेली मुलगी आहे, तर पुण्याजवळ पिरंगुटशेजारी कासार अंबोलीला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची 1997 पासूनची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे, तीही बघा. शिवाय शनिवार-रविवार बार्शीहून गाडीने जाऊन भेटून येता येईल.

एक राहिलं. तीन पानी पत्रात नणंदबाई काय म्हणतात, यजमान काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात, सगळं आलंय. लेकीला जायचंय की नाही, हे मात्र कुठेच नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा भरलेली असताना, तिला घेऊन दोन शाळा बघून या. परतीच्या वाटेवर तुम्ही काही विचारू नका. चार दिवसांनी ती काय म्हणते ते ऐका आणि ती 'नको' म्हणाली तर बार्शीतच दहावी करू द्या. डॉक्टर होण्याची तिची वाट त्याने कुठेही अडत नाही. ती 'हो' म्हणाली तर प्रवेशअर्ज भरण्याआधी मला फीचं पत्रक पाठवा, अनामत आणि परताव्याच्या अटी आपण मिळून वाचू.

तुमची,
समुपदेशक ताई