एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू घेतात त्यात, निवडलेल्या खेळाडूला पगारावर घासाघीस करता येते का?

रकमेवर फारशी नाही. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल झाले होते, त्यातले ५ कोटी हमीचे, म्हणजे संघाने काढून टाकलं तरी मिळणारे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या कामगार करारापासून क्रमांकानुसार रक्कम जवळपास ठरलेलीच असते. त्याच वर्षी पहिल्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे सुमारे २.२ कोटी. एका वर्षात केवढी घसरण!

खरी ओढाताण होते ती बारीक कलमांवर. बोनस हातात कधी पडणार? संघाने काढून टाकलं, तर दुसरीकडे मिळणारा पगार जुन्या हमीतून वजा होणार का? २०१६ मध्ये नवा खेळाडू जोई बोसा याच दोन मुद्द्यांवर ऑगस्टअखेरपर्यंत अडून बसला. गुडघ्याच्या एका दुखापतीत कारकीर्द संपू शकते, त्यामुळे मला तरी ते रास्तच वाटतं. २०२५ मध्ये तर दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूंनीही पूर्ण हमीसाठी सह्या लांबवल्या.