गोळ्या आणल्या, पण घेतल्या नाहीत

"मॅडम, डॉक्टरांनी हार्मोन्सच्या गोळ्या लिहून दिल्या. आणल्या, पण घेतल्या नाहीत. त्यांनी कॅन्सर होतो ना?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत कळव्याच्या एक बाई विचारत होत्या. वय ५०, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. रात्री घामाने भिजून तीन-तीनदा जाग, सकाळच्या लोकलमध्ये अंगातून वाफा, घरात सगळ्यांवर चिडचिड. सोबत नणंद होती, मांडीवर पर्स धरून गप्प बसलेली.

ही भीती उगीच आलेली नाही. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना इस्ट्रोजेन हे हार्मोन आणि प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं कृत्रिम औषध, एकत्र दिलं होतं. मी बाईंना म्हटलं, गर्दीच्या वेळच्या दोन लोकल भरून, म्हणजे साधारण १०,००० बायका डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्यांनी वर्षभर ही गोळी घेतली, तर स्तनाचा कॅन्सर एरवीपेक्षा ८ जणींना जास्त झाला. पक्षाघातही ८ जणींना जास्त, हृदयविकार ७ जणींना. उलट खुब्याचं हाड मोडण्याचे प्रसंग ५ ने घटले, मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ ने.

"दोन लोकलमध्ये आठ?" त्यांनी पुन्हा विचारलं.

आठ कमी आहेत असं मी म्हणणार नाही; त्या आठांत आपण असू शकतो. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेली. आता तज्ज्ञ सांगतात की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, त्रास खरोखर होत असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका मात्र औषध जितकी वर्षं घ्याल तितका वाढतो, म्हणून दरवर्षी डॉक्टरांबरोबर फेरविचार हवाच.

औषध द्यायचं की नाही हे मी ठरवत नाही. मी त्यांना प्रश्न लिहून दिले. गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच चालेल का? त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका कमी असतो. गर्भाशयाची पिशवी शाबूत आहे, मग इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन दिलंय ना? नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. पूर्वी गुठळी, पक्षाघात, स्तनाचा कॅन्सर, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव झाला असेल, तर तेही सांगायचं. बाईंनी दोन वर्षांत साधं बीपीसुद्धा मोजलं नव्हतं.

त्या उठायला लागल्या तेव्हा नणंद बोलली.

"माझी पिशवी ३६ व्या वर्षी काढली. दोन्ही अंडाशयंही. मला तर कुणी असं औषध दिलंच नाही."

आता ती ४२ ची. सहा वर्षं! मला पुन्हा खाली बसावं लागलं. इतक्या लवकर अंडाशयं गेली की हाडं झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अडचण नसेल तर पाळी एरवी जायच्या वयापर्यंत हार्मोन्स घ्यायचा सल्ला देतात. पिशवी नसल्याने तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरलं असतं, आणि त्याच अभ्यासाच्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या भागात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. पक्षाघात वाढला होता, तेही मी तिला सांगितलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी आपण हळहळलो. पण ऑपरेशननंतर त्या बाईच्या हाडांचं काय, हे ठाण्यातही कुणी विचारत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

"वहिनींबरोबर नुसती सोबत म्हणून आले होते हो," ती म्हणाली.

मी दुसरा कागद घेतला. हाडांची घनता, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, ऑपरेशनचे जुने कागद. वहिनींनी स्वतःची चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि नणंदेला विचारलं, "तुझी फाइल आईंच्या कपाटात आहे ना गं? आजच काढू."