रस्ता नाही, खांब नाही अशा वाडीवरच्या घराला किती मोठं सोलर लागतं?

तुम्ही लिहिलंय की वेल्ह्याच्या डोंगरात तुमच्या आजोळच्या घरी अजून वीज नाही, गाडी थांबते तिथून तासाभराची चढण आहे आणि विक्रेत्याने ३ किलोवॅट पॅनेल, ५ केव्हीएचा इन्व्हर्टर अन् चार बॅटऱ्यांचं कोटेशन हातात ठेवलंय. घरात चार बल्ब, एक पंखा, छोटा टीव्ही, मोबाइल, कधीतरी मिक्सर. एवढं लागेल का?

नाही लागणार. मी याच पट्ट्यात वाड्यावस्त्यांवर ही कामं करतो, म्हणून हिशोबच मांडतो. ९ वॅटचे चार बल्ब पाच तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा रात्रभर, टीव्ही तीन तास, वर मोबाइल-मिक्सर. सगळं मिळून दिवसाला ७०० वॅट-तासांच्या आत, म्हणजे पाऊण युनिटही नाही. उलट ५ केव्हीएचा इन्व्हर्टर काही न चालवता नुसता चालू ठेवला तरी ४०-५० वॅट ओढत राहतो. चोवीस तासांत त्याचंच एक युनिट झालं. घरापेक्षा राखणदाराचं पोट मोठं! बल्ब आणि पंखा १२ व्होल्ट डीसीवरचे घ्या, थेट बॅटरीवर चालतील. टीव्ही-मिक्सरपुरता १ केव्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर ठेवा, काम झालं की बटण बंद.

आता पॅनेल. कोटेशनमध्ये बहुतेक रोजचं पाच तास ऊन धरलेलं असतं. मे महिन्यात ते खरंही आहे. पण आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर मी दोन तासांच्या वर धरत नाही. त्या हिशोबाने, थोडी गळती धरून, ५०० वॅट पुरतात. एकच मोठं ५४० वॅटचं पॅनेल स्वस्त पडेल, पण सव्वादोन मीटर लांबीची ती काच खिंडीतल्या वाऱ्यात डोक्यावर घेऊन चढून दाखवा! १६५ वॅटची तीन घ्या, एकेक माणूस एकेक नेतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, १२.८ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास). दोन दिवस ढग हटले नाहीत तरी निभावते. ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी मीही पुष्कळ बसवल्या. पन्नास-साठ किलोचं ते धूड बांबूला झोळीत टांगून, ॲसिड सांडू नये म्हणून उभंच धरून न्यायचं. खरी अडचण पुढे येते. पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत बॅटरी मरते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचं वावडं नाही. फक्त चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणाऱ्या पेटीवर, बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ निवडलाय का, ते स्वतः बघा.

जागा निवडताना माझी एकदा चांगलीच फजिती झालीय. एका वाडीवर मे महिन्यात अंगणात स्टँड रोवला. दक्षिणेला जांभळाचं झाड होतं, पण भर दुपारी सावली खोडापाशीच, म्हणून लक्ष दिलं नाही. डिसेंबरात निरोप आला, बत्ती आठ वाजताच जाते. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर चढत नाही. दहा मीटरच्या झाडाची सावली तेव्हा नऊ मीटर लांब जाते, सकाळ-संध्याकाळी त्याहून जास्त. घरातली आजी म्हणाली, ‘‘आरं, मला इचारायचं हुतंस. थंडीत आमी नाचनी हितं वाळवाय टाकत न्हाई, खळ्यावर टाकतो.’’ तेव्हापासून मी होकायंत्र काढायच्या आधी घरातल्या बायकांना विचारतो, हिवाळ्यात वाळवण कुठे घालता?

स्टँड खळ्यावर नेला, तर वायर सहा मीटरची वीस मीटर झाली आणि नवीनच दुखणं उभं राहिलं. असली तीन पॅनेलं पॅरलल जोडली की प्रवाह २७ अँपिअरच्या आसपास जातो. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत वीस मीटरवर ८ व्होल्ट तिथेच जिरतात, बॅटरीला काय मिळणार? तीच पॅनेलं सिरीजमध्ये जोडून १०० व्होल्ट क्षमतेचा, ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज बॅटरीजोगं उतरवून देणारा) लावला की वायरीत ९ अँपिअरवर भागतं. तुमच्या कोटेशनमध्ये नुसतं ‘चार्ज कंट्रोलर’ लिहिलं असेल तर पीडब्ल्यूएम (साधा, ज्याला हे जमत नाही) की एमपीपीटी, ते लिहून घ्या.

आणि हो, विक्रेता केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेच्या अनुदानाचं गाजर दाखवत असेल तर ते वीजकंपनीच्या लाइनला जोडलेल्या छतावरच्या सोलरसाठी आहे. तुमच्याकडे लाइनच नाही. खर्चाच्या हिशोबात ते धरू नका.