सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका, बाहेर पडलं की बंद. एअर प्युरिफायर घेऊ का?

आत्ताच नको, ते पैसे आधी गादी-उशीच्या कव्हरांवर घाला, कारण या लक्षणांत पहिला संशय अंथरुणातल्या डस्ट माइटवर जातो. हे किडे जेमतेम ०.३ मिलिमीटरचे, आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. ते कण जड असतात. कूस बदलली, उशी थोपटली की उडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली बसतात. हवेत टिकतच नाहीत, मग प्युरिफायरला सापडणार कसे? तुमचं नाक मात्र रात्रभर उशीलाच टेकलेलं असतं!

- गादी आणि उशी, दोन्हींना चेनची, घट्ट विणीची माइटरोधक कव्हरं घाला.
- चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी आणणारं प्रथिन, बरंच निघतं, पण बहुतेक किडे जिवंत राहतात.
- खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात, त्यामुळे कोरड्या हवेत तग धरत नाहीत.

घरात मांजर असेल तर गोष्ट वेगळी: तिचं ॲलर्जेन अतिशय बारीक कणांवर तासन्‌तास तरंगतं, तिथे प्युरिफायरमधल्या हेपा फिल्टरची, म्हणजे बारीक कण अडकवणाऱ्या गाळणीची, थोडी मदत होऊ शकते. म्हणून खर्चाआधी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्या. आणि छातीत घरघर किंवा धाप असेल तर कृपया डॉक्टरांना दाखवाच. सुरू असलेला इनहेलर साफसफाईच्या भरवशावर थांबवू नका.